समाजशास्त्र, राज्यशास्त्र, मानवशास्त्र: विद्यापीठांची मुद्रित (रेकॉर्ड केलेली) व्याख्यानं कुठली घ्यावीत, कशी ऐकावीत (एकत्र धागा)

खडूफळा

"फुकट व्याख्यानं आहेत म्हणे, कुठून सुरू करू?" हा प्रश्न इथे सतत येतो आणि उत्तरं दहा धाग्यांत विखुरतात. म्हणून हा एकच धागा. सुट्या भाषणांबद्दल, मुलाखतींबद्दल किंवा वीस मिनिटांच्या चटपटीत व्हिडिओंबद्दल इथे नको. एका सत्राचा पूर्ण वर्ग, पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत मुद्रित केलेला, एवढंच बोलू.

माझ्या मते सुरुवातीला येलचा 'ओपन येल कोर्सेस' हा संग्रह घ्यावा. डिसेंबर २००७ मध्ये तो खुला झाला. आपल्या विषयातले तीन वर्ग त्यात आहेत. स्टीव्हन स्मिथ यांचा राजकीय तत्त्वज्ञानाचा वर्ग २००६ चा आहे. त्यात २४ व्याख्यानं असून सॉक्रेटिसपासून तोकव्हिलपर्यंतचा प्रवास आहे. इव्हान सेलेनी यांचा आधुनिक सामाजिक सिद्धान्ताचा वर्ग २००९ चा, २५ व्याख्यानांचा. इयन शपिरो यांचा राजकारणाच्या नैतिक पायाबद्दलचा वर्ग २०१० चा, तोही २५ व्याख्यानांचा. प्रत्येक व्याख्यान साधारण पाऊण ते पाऊण तासाहून थोडं जास्त.

तिन्ही एकदम उघडू नका. एकच घ्या. समाजशास्त्रासाठी येणाऱ्याला मी सेलेनींचा वर्ग सांगेन, कारण त्याची आखणी फार विचारपूर्वक केलेली आहे. दुसऱ्या व्याख्यानात हॉब्ज येतो, मग लॉक, माँतेस्क्यू, रूसो, मिल, अ‍ॅडम स्मिथ. नऊ ते तेरा मार्क्स. चौदा नीत्शे, पंधरा फ्रॉइड. सोळा ते एकवीस वेबर आणि बावीस ते पंचवीस दुर्खीम. म्हणजे पंचवीसपैकी पंधरा व्याख्यानं तिघांवरच. ज्याला वेळ नाही त्याने हीच पंधरा ऐकावीत, पण हॉब्ज आणि रूसो तरी आधी ऐकावेतच. दुर्खीम "समाज टिकतो कसा" असं विचारतो तेव्हा तो हॉब्जच्या प्रश्नाला उत्तर देत असतो, आणि हॉब्जच ऐकला नसेल तर ते उत्तर हवेत लटकतं.

बाकीचं प्रतिसादांत येऊ द्या.

दोनओळी

वाचनखूण साठवली आहे. एकच भर: नुसती व्याख्यानं ऐकून काही होत नाही. प्रत्येक वर्गाच्या पानावर वाचनाची यादी असते, ती लोक उघडतसुद्धा नाहीत. प्राध्यापक समोरच्यांनी ती पानं वाचलीत असं धरूनच बोलतो. सेलेनींच्या नवव्या व्याख्यानात परात्मतेची, म्हणजे कामगार स्वतःच्याच श्रमाला परका होण्याची, चर्चा सुरू होते. मार्क्सच्या १८४४ च्या हस्तलिखितांमधलं परक्या झालेल्या श्रमाचं प्रकरण वाचलं नसेल, तर ते व्याख्यान म्हणजे गोड आवाजातली बातमी होते.

पूर्ण पुस्तकं वाचायची गरज नाही. हॉब्जच्या लेव्हायथनमधली १३ ते १५ आणि १७ ही प्रकरणं पुरतात. वेबरच्या सत्ताप्रकारांसाठी 'अर्थव्यवस्था आणि समाज' या ग्रंथाच्या पहिल्या भागातलं तिसरं प्रकरण. दुर्खीमच्या आत्महत्येवरच्या ग्रंथातला दुसरा भाग. जुन्या इंग्रजी ग्रंथांच्या प्रती प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आणि मार्क्सचं बहुतेक सगळं मार्क्सिस्ट्स इंटरनेट आर्काइव्हवर मोफत आहे.

वेळेचा हिशोब असा धरा: एका व्याख्यानाला ५० मिनिटं, त्याच्या आधीच्या वाचनाला दोन तास, टिपणाला अर्धा तास. आठवड्याला दोन व्याख्यानं झेपली तर तेरा आठवड्यांत वर्ग संपतो. त्याहून घाई करणारे बहुतेक मार्क्सपाशी गळतात, कारण तिथे सलग पाच व्याख्यानं आहेत आणि वाचनही जड होतं.

घाईगडबड

दीडपट वेगाने ऐकलं तर निम्म्या वेळात होतं की. उगाच बाऊ.

दोनओळी

@घाईगडबड, दीडपटीने ५० मिनिटांची ३३ होतात, निम्मी नाही. :) स्मिथ यांचं बोलणं वेग वाढवला तरी कळतं. सेलेनी हंगेरियन, त्यांच्या इंग्रजीला तिकडचा घाट आहे. पहिली तीन-चार व्याख्यानं नेहमीच्याच वेगाने ऐका, कान बसला की सव्वापट करा. त्यापुढे गेलात तर नावं निसटतात.

सह्यकडा

तांत्रिक बाजू मी लिहितो.

येलच्या संकेतस्थळावर प्रत्येक व्याख्यानाचं व्हिडिओ, ध्वनी आणि लिखित प्रतिलेख अशी तिन्ही रूपं आहेत. यूट्यूबवरून ओढत बसण्यापेक्षा तिथूनच उतरवून घ्या. यूट्यूबच्या आपोआप बनलेल्या मथळ्यांवर (बोलण्याच्या कॅप्शनवर) विसंबू नका, विशेषनामांची त्यात पार वाट लागलेली असते. संकेतस्थळावरचा प्रतिलेख माणसांनी तपासलेला आहे आणि त्यात प्रकरणवार वेळा दिलेल्या आहेत. त्यामुळे "वेबरचं हे वाक्य कुठे होतं" हे शोधायला व्हिडिओ मागेपुढे करावा लागत नाही. प्रतिलेखात शब्द शोधा, प्रकरणाची वेळ बघा, थेट तिथे जा.

मोबाइलमध्ये ठेवायचं असेल तर ध्वनी फाइल बोलण्यासाठी पुरेशा दर्जाला आणा: ओपस स्वरूप, एक वाहिनी, सेकंदाला ४८ किलोबिट. ५० मिनिटांचं व्याख्यान १८ एमबीत बसतं, म्हणजे पूर्ण वर्ग ४५० एमबीच्या आत. २४ किलोबिटलाही बोलणं समजतं, पण 'स' आणि 'फ' यांच्यातला फरक पुसट होतो आणि परक्या उच्चारात तेवढंच नडतं.

रूपांतर करताना दोन गोष्टी बिघडतात. काही जुन्या मुद्रणांत आवाज एकाच कानात येतो. दोन वाहिन्यांची सरासरी काढून एक वाहिनी केली की तो आवाज अर्ध्यावर येतो, म्हणून सरासरी न काढता भरलेली वाहिनीच उचला. दुसरं म्हणजे मागची घरघर. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे घरघर त्याच पट्टीत असते. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं गाळून टाका, माणसाच्या बोलण्याला धक्का लागत नाही. गाळणी आधी आणि आवाजाची पातळी समान करणं नंतर. क्रम उलटला तर घरघरही मोजमापात धरली जाते आणि पातळी चुकते.

नुसत्या ध्वनीवर कुठला वर्ग चालतो हेही बघा. स्मिथ फळा-चित्रं फारशी वापरत नाहीत, चालता-चालता ऐकता येतात. सेलेनी पडद्यावर मूळ ग्रंथातली अवतरणं दाखवून त्यांवर बोलतात. तिथे नुसतं ऐकलं तर "हे बघा, इथे तो काय म्हणतो" एवढंच हाती लागतं. तो वर्ग पडद्यासमोर बसून, नाहीतर प्रतिलेख हातात धरून.

उंबरठा

उतरवून ठेवा यावर दहा वेळा +१. "इंटरनेटवर आहे, जातंय कुठे" असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं प्रकरण वाचावं. तिथे वर्षानुवर्षं वर्ग मुद्रित करून सगळ्यांसाठी खुले ठेवलेले होते. वॉशिंग्टनच्या गॅलोडेट विद्यापीठातल्या, म्हणजे कर्णबधिरांसाठीच्या विद्यापीठातल्या, दोन कर्मचाऱ्यांनी तक्रार केली की बर्कलीच्या खुल्या साहित्याला धड मथळे नाहीत, त्यामुळे ते आम्हाला वापरता येत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने तक्रार रास्त ठरवली. त्यावर विद्यापीठाने मथळे घालण्याऐवजी मार्च २०१७ पासून वीस हजारांवर मुद्रणं बाहेरच्या लोकांसाठी बंदच केली. काही बाहेरच्या मंडळींनी आधीच प्रती काढून ठेवल्या होत्या, म्हणून ती आज इकडेतिकडे सापडतात.

यात तक्रार करणाऱ्यांना दोष देणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. मथळे नसलेलं व्याख्यान त्यांच्यासाठी आधीही बंदच होतं.

आयट्यून्स यू तर २०२१ अखेर मिटलंच. कित्येक विद्यापीठांनी फक्त तिथेच ध्वनिफिती ठेवल्या होत्या.

रानवाट

मानवशास्त्राचं काय? धाग्याच्या नावात आहे, पण कोणी बोललं नाही. यूपीएससीला वैकल्पिक विषय मानवशास्त्र घेतलेल्यांना यातलं काय उपयोगी?

खडूफळा

@रानवाट, इथे जरा निराशा आहे. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर मानवशास्त्राचे बरेच वर्ग आहेत, पण बहुतेक ठिकाणी फक्त वाचनयाद्या, टिपणं आणि निबंधाचे प्रश्न, व्हिडिओ क्वचित. ते वाईट नाही. निबंधाचे प्रश्न उत्तरलेखनाच्या सरावाला चांगले पडतात.

केंब्रिजचे अ‍ॅलन मॅकफर्लेन यांनी मात्र मोठं काम करून ठेवलंय. जन्म शिलाँगचा, क्षेत्रकार्य नेपाळमधल्या गुरुंग लोकांत. त्यांच्या 'आयाबाया' नावाच्या यूट्यूब वाहिनीवर त्यांची व्याख्यानं आहेत आणि १९८० च्या दशकापासून घेतलेल्या मानवशास्त्रज्ञांच्या दीर्घ मुलाखतीही. मुलाखती नकोत असं मीच वर लिहिलंय, पण हा अपवाद: क्षेत्रकार्य प्रत्यक्षात कसं करतात हे पाठ्यपुस्तकापेक्षा तिथे जास्त कळतं. चित्रीकरण साधं आहे, आवाज कमीजास्त होतो. सह्यकडांनी सांगितलेली पातळी-समानता तिथे हमखास करून घ्या.

जैविक मानवशास्त्राला स्टॅनफर्डच्या रॉबर्ट सापोल्स्की यांचा मानवी वर्तनाच्या जीवशास्त्राचा २०१० चा वर्ग जोड म्हणून चालेल. २५ व्याख्यानं आहेत, पण बहुतेक दीड-दीड तासाच्या आसपास. परीक्षेसाठी पूर्ण ऐकण्यात अर्थ नाही. उत्क्रांती आणि वर्तनाची आनुवंशिकता यांवरची सुरुवातीची घ्या.

पेपर दोन सगळा भारतावर, तिथे परदेशी वर्ग जवळपास निरुपयोगी. त्यासाठी ई-पीजी पाठशालेतला मानवशास्त्र विभाग बघा. तिथे प्रत्येक घटकाचा मजकूर पीडीएफमध्ये आहे आणि व्हिडिओही. व्हिडिओ बऱ्याचदा तोच मजकूर कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवण्याच्या वळणाचे, तेव्हा मजकूरच वाचा, वेळ वाचेल. इग्नूचं ई-ज्ञानकोशही तसंच.

पाटीपेन्सिल

मला एक खटकतं. हॉब्ज ते दुर्खीम, सगळे युरोपातले. आपल्या लोकांनी हे ऐकून जातीबद्दल, गावाबद्दल काय कळणार?

मोडीवाचक

@पाटीपेन्सिल, प्रश्न बरोबर आहे, पण उपाय वर्ग टाकून देणं हा नव्हे. सोबतचं वाचन बदला.

९ मे १९१६ रोजी डॉ. आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. म्हणजे तो निबंध मुळात विद्यापीठाच्या वर्गातच वाचलेला आहे, या यादीत तो पाहुणा म्हणून येत नाही. त्यात ते सेनार, नेसफिल्ड, रिझली आणि केतकर या चौघांच्या व्याख्या एकेक करून तपासतात. हे केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांनी कॉर्नेलमध्ये जातिसंस्थेवर प्रबंध केला आणि १९०९ मध्ये त्याचं पुस्तक आलं. चौघांपैकी केतकरांना आंबेडकर जास्त मान देतात, पण बेटीबंदी आणि जन्मानेच मिळणारं जातीचं सदस्यत्व या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत असं म्हणून त्यांचीही दुरुस्ती करतात.

युक्तिवाद असा: बहिर्विवाहाची (कुळाबाहेर लग्नाची) चाल असलेल्या समाजावर अंतर्विवाह (गटातच लग्न) लादला की जात तयार होते. मग गटात स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की एक स्त्री 'जास्तीची' होते, बायको मेली की एक पुरुष. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह हे त्या जास्तीची सोय लावण्याचे मार्ग. इथवर मांडणी जवळजवळ गणितासारखी आहे. पुढे एका वर्गाने दारं बंद केल्यावर बाकीच्यांनी ती का बंद केली हे सांगताना ते गाब्रिएल तार्दच्या अनुकरणाच्या सिद्धान्ताचा आधार घेतात.

आता गंमत बघा. तार्द हा दुर्खीमचा फ्रान्समधला कट्टर प्रतिस्पर्धी. सामाजिक गोष्टी व्यक्तींच्या एकमेकांच्या अनुकरणातून घडतात असं तार्द म्हणायचा. दुर्खीमच्या मते समाज हे व्यक्तीबाहेरचं, व्यक्तीवर दाब आणणारं वास्तव. सेलेनींचं पंचविसावं व्याख्यान सामाजिक तथ्यांवरच आहे. ते ऐकून लगेच आंबेडकरांचा निबंध वाचला तर आंबेडकर कुठल्या बाजूला उभे राहतात आणि कुठे दोन्ही बाजू वापरतात हे दिसतं. निबंध पंचवीस-तीस पानांचा आहे, एका बैठकीत होतो.

वेबरच्या बाबतीतही हेच. अठरावं व्याख्यान पारंपरिक सत्तेवर आहे. वेबरचं हिंदू धर्मावरचं लेखन १९१६-१७ मधलं, म्हणजे आंबेडकरांच्या निबंधाच्या अगदी सोबतचं. दोघं एकाच काळात एकाच संस्थेकडे बघताहेत.

पाटीपेन्सिल

हे माहीत नव्हतं. केतकर-आंबेडकर-तार्द हा धागा कुठल्याच पाठ्यपुस्तकात असा जोडलेला पाहिला नाही. धन्यवाद.

दोनओळी

मोडीवाचक, जबरदस्त. पेपरच्या दृष्टीनेही उपयोगी.

टिपणांबद्दल राहिलं होतं. व्याख्यान चालू असताना पानं भरून लिहू नका, प्रतिलेख आहेच. प्रत्येक व्याख्यानाला एकच कार्ड करा आणि त्यावर चारच गोष्टी: प्रश्न काय, उत्तर काय, पुरावा काय, कोणाशी वाद. बाविसाव्या व्याख्यानाचं कार्ड असं होईल:

प्रश्न – श्रमविभागणी वाढल्यावर समाज एकत्र कसा राहतो?
उत्तर – सारखेपणावर उभी यांत्रिक एकता मागे पडते, परस्परावलंबनावर उभी सेंद्रिय एकता वाढते.
पुरावा – कायदा. शिक्षा देणारा कायदा पहिल्या एकतेची खूण, नुकसानभरपाई करून देणारा दुसऱ्या एकतेची.
वाद – स्पेन्सरशी. नुसत्या कराराने समाज बांधला जात नाही, कराराला आधार देणारं करारापलीकडचं काहीतरी लागतं.

'पुरावा' ही ओळ कोरी राहत असेल तर व्याख्यान पुन्हा ऐका. नव्वद टक्के कार्डांत तीच कोरी असते.

आणखी एक नेहमीची गल्लत, दुर्खीमच्या आत्महत्येच्या प्रकारांची. आत्मकेंद्री आणि नियमहीन हे दोन प्रकार लोक एकच समजतात. पट्ट्याच दोन वेगळ्या आहेत. समाजाशी जोडलेपणा फार कमी असला तर आत्मकेंद्री, फार जास्त असला तर परार्थी. इच्छा-अपेक्षांवरचं समाजाचं नियमन फार कमी झालं तर नियमहीन, फार जास्त झालं तर दैववादी, जो दुर्खीमने तळटीपेत उरकलाय. अचानक आलेल्या मंदीत तसंच अचानक आलेल्या भरभराटीतही दर वाढतो, हे नियमहीनतेचं उदाहरण. भरभराटीत का वाढावा हे ज्याला सांगता येतं त्याला फरक कळला.

शिंपले

महाविद्यालयात याचे श्रेयांक (क्रेडिट) मिळतात का?

उंबरठा

येल-स्टॅनफर्डच्या या मुद्रणांचे नाहीत. प्रमाणपत्रही नाही. श्रेयांक हवे असतील तर स्वयम, म्हणजे केंद्र सरकारचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं संकेतस्थळ. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वयमवरून घेता येतात, पण तुमच्या विद्यापीठाने तो विशिष्ट अभ्यासक्रम आधी मान्य केलेला असावा लागतो. आधी विभागप्रमुखांकडून लेखी घ्या, मग नोंदणी करा. उलट क्रमाने केलं की गुणपत्रिका हातात आणि श्रेयांक हवेत, अशी गत होते.

स्वयमवरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या उपक्रमाच्या) अभ्यासक्रमांत साप्ताहिक स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ स्वाध्याय धरतात, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम सहा. उत्तीर्ण व्हायला स्वाध्यायांत २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे मिळायला हवेत. शिकणं फुकट, परीक्षेला शुल्क. परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि लोक नेमकी तीच विसरतात.

शिंपले

समजलं, आभार. अजून एक: सेलेनींच्या वर्गाला मराठी उपशीर्षकं करायची इच्छा आहे. चालेल का? कशी करावीत?

सह्यकडा

चालेल. येलच्या या व्याख्यानांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना आहे: श्रेय द्या, पैसे कमवू नका, आणि तुमचं कामही त्याच परवान्याखाली खुलं ठेवा. मात्र व्याख्यानात दुसऱ्याच्या मालकीचं चित्र किंवा चित्रफीत असेल तर तिला हा परवाना लागू नाही.

दुसऱ्याच्या यूट्यूब वाहिनीवर मथळे भरून द्यायची सोय सप्टेंबर २०२० मध्ये काढून टाकली गेली. त्यामुळे उरतात दोन मार्ग: व्हिडिओ स्वतःच्या वाहिनीवर जाहिराती बंद ठेवून चढवायचा, किंवा फक्त एसआरटी फाइल (उपशीर्षकं आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकूर फाइल) वाटायची. मी दुसरा सुचवेन. फाइल काही केबीचीच असते आणि ज्याने येलवरून व्हिडिओ उतरवलाय त्याला पुरते.

वाक्यागणिक भाषांतर करत बसू नका. आधी येलचा प्रतिलेख पाच-सहा सेकंदांच्या तुकड्यांत पाडा, वेळा जुळवा, मग मराठी लिहा. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, एका ओळीत चाळिसेक अक्षरं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे लांब वाक्य दोन तुकड्यांत पडलं की पहिला तुकडा अधांतरी राहतो. अशा वेळी वाक्यच तोडा. "मार्क्स म्हणतो की कामगार जितकी जास्त संपत्ती निर्माण करतो तितका तो स्वतः गरीब होत जातो" याऐवजी पहिल्या तुकड्यात "कामगार जितकी संपत्ती निर्माण करतो," आणि दुसऱ्यात "तितका तो स्वतः गरीब होतो." मार्क्सचं बोलणं चाललंय हे आधीच्या तुकड्यात आलेलं असतं.

पारिभाषिक शब्दांची यादी पहिल्याच दिवशी करून ठेवा. राज्य मराठी विकास संस्थेच्या संकेतस्थळावर आणि भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांत बहुतेक शब्द मिळतील. अर्ध्या वर्गात एक शब्द आणि उरलेल्यात दुसरा असं झालं तर पंचवीस फाइली पुन्हा उघडाव्या लागतात.

शिंपले

नमुन्याची फाइल केली, पण व्हीएलसी प्लेयरमध्ये सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसतात.

सह्यकडा

फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन झालेली नाही. नोटपॅडमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' करताना खाली एन्कोडिंगची चौकट असते, तिथे बदला. पण एकदा जतन होऊन प्रश्नचिन्हं पडली असतील तर त्या फाइलमधली अक्षरं गेलीच, मूळ मजकुरातून पुन्हा चिकटवावी लागतील. प्रश्नचिन्हांऐवजी चौकोन दिसले तर अडचण फाँटची, तेव्हा व्हीएलसीच्या उपशीर्षकांच्या सेटिंगमध्ये देवनागरी फाँट निवडा. फाइलचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवा, म्हणजे आपोआप लागते. मराठी सुरुवातीला बरोबर आणि शेवटाकडे पुढेमागे होत असेल तर समजा की तुमचा आणि वेळा जुळवणाऱ्याचा व्हिडिओ वेगवेगळ्या ठिकाणाहून आलाय. सगळ्यांनी येलचीच प्रत घ्यावी.

मोडीवाचक

शिंपले, दुर्खीमपासून सुरू कराल का? शेवटची चार व्याख्यानं आधी तयार झाली तर बी.ए.च्या मुलांना याच सत्रात वापरता येतील. तपासायला मी आहे.

शिंपले

हो, बावीसपासून घेते. पहिली फाइल इथेच टाकेन.